सतरावं नाव

सिडको, नाशिक
२ नोव्हेंबर २०२५

हर्षलभाऊ,

तुमचा साणंदचा पत्ता तुमच्याबरोबर कंपनीत काम करणाऱ्या भारतकडून घेतला. त्याच्यावर रागावू नका, तो द्यायला तयार नव्हता. माझ्या नंबरवरून तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे रजिस्टरनं पाठवते आहे.

दादा गेल्याचं भारतनं तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, सेकंड शिफ्टला निघताना बूट घालायला वाकले आणि तसेच बसले. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. दहाव्याला तुम्ही याल असं आईंना वाटत होतं. विधी चुलतभावानं केले. आई आता गावी, देवळ्यालाच आहेत. रोज फोनवर एकच विचारतात, "हर्षल कवय येवाव शे?" तुम्ही कधी येणार, याचं मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

आता कामाचं लिहिते. पगाराच्या कराराच्या वेळी कंपनीत कॅमेरा घेऊन येणारी निकिता तुम्हाला आठवत असेल. युनियन आणि कंपनी, दोघांनीही तिला परवानगी दिली होती. गेट मीटिंगला ती पाण्याच्या टँकरवर चढून बसायची आणि तुम्ही मुलं तिला हसायचात. तिची फिल्म पूर्ण झाली आहे. रविवारी १४ डिसेंबरला युनियनच्या हॉलमध्ये पहिल्यांदा दाखवणार आहेत, मग बाहेरगावी.

फिल्मला माझी हरकत नाही. हरकत एका तुकड्याला आहे. बोलणीच्या खोलीत कॅमेरा नेता येत नसे. कमिटीवाल्यांचे मोबाइलसुद्धा दाराबाहेर पार्टच्या निळ्या क्रेटमध्ये ठेवावे लागायचे. गेल्या वर्षी १३ फेब्रुवारीला, म्हणजे सह्या व्हायच्या तीन दिवस आधी, निकितानं जेवणाच्या सुट्टीत दादांची मुलाखत घेतली. कॉलरला लावलेला छोटा माइक काढायचा राहून गेला आणि दादा तो घेऊनच आत गेले. मोबाइल बाहेर ठेवला आणि माइक आत नेला. मशीन बंद केल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. निकितालाही हे पुष्कळ महिन्यांनी कळलं, सगळं ऐकायला बसली तेव्हा.

त्यात तुमचं नाव येतं. म्हणून तिला दादांच्या वतीनं माझी आणि तुमची अशी दोघांचीही लेखी परवानगी हवी आहे. फॉर्म सोबत ठेवला आहे. कृपा करून त्यावर 'नको' असं लिहून सही करून पाठवा. मी एकटीनं नको म्हटलं तर ती कारण विचारेल. गेलेल्या माणसाचं असं नकळत टिपलेलं बोलणं चार लोकांत कशाला?

तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. सतरा कंत्राटी मुलं सिनिऑरिटीनं परमनंट होणार होती आणि तुमचा नंबर सतरावा, शेवटचा होता. बोर्डावर यादी लागली तेव्हा सतराव्या जागी भारतचं नाव होतं. तुम्ही घरी आलात, बॅग भरली आणि एवढंच म्हणालात, "दादा, खाली सही तुझी आहे." मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते. नाव कंपनीनं काढलं. दादांना ते सही करतानाच कळलं.

फॉर्म लवकर पाठवा.

तुमची वहिनी


सिडको
९ नोव्हेंबर २०२५

हर्षलभाऊ,

पोचपावती आली, त्यावर तुमची सही पाहिली. फॉर्म आला नाही.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती दुरुस्त करते, कारण ती तुम्हाला दुसरीकडून कळणारच आहे. नाव कंपनीनं काढलं नाही. दादांनी स्वतः काढायला सांगितलं.

पुढचं वाचा, मग कागद टाकायचा तर टाका.

गुरुवारी चिमाजीभाऊ आले होते. युनियनचे अध्यक्ष असले तरी ते आपल्या घरी कधी खुर्चीवर बसले नाहीत. दादा आणि ते जमिनीवर बसून भांडायचे. या वेळी खुर्चीवर बसले. चहाला म्हणाले, "साखर नका घालू वहिनी, डॉक्टरनी बंद केलीय." मग कपाकडे बघून म्हणाले, "घातली तरी मी त्याला सांगायला जाणार नाय." मी घातली.

मग बोलायला लागले. "त्या कॅमेरावाल्या पोरीनं मला ते ऐकवलं. चहाच्या सुट्टीत रंगनाथला फोन येतो. दोन मिनिटं बोलतो. तसाच आत जाऊन सायबाला सांगतो, सतरा नंबर काढा. मी त्या टायमाला बाहेर तंबाखू मळत हुतो. आता पुढल्या महिन्यात कमिटीची निवडणूक हाय. फोन करणाऱ्याशी रंगनाथ अरेतुरेत बोलतोय, मी बी अरेतुरेतलाच. हॉलमधी दोनशे माणूस बसंल आणि दोनशे माणूस माझ्याकडं बघंल."

मी म्हटलं, "तुम्ही केला नव्हता ना? मग बघू देत."

"आता माझ्या बाजूनं बोलायला कोण हाय, वहिनी? रंगनाथ असता तर त्यानंच सांगितलं असतं." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्यापासून तो काय लपवायचा नाय. कुणाचा फोन हुता?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं.

ते गेल्यावर मी फाटकाला साखळी घालून कुलूप लावलं. हल्ली दिवसाही लावते. तीन दिवस झाले, कोपऱ्यावर एक मोटारसायकल उभी असते. हेल्मेट घातलेला माणूस वीस मिनिटं थांबतो आणि जातो. तिथं शिकवणीचे वर्ग आहेत, मुलाला सोडायला येत असेल. मी लॅबमधून परतताना दोन गल्ल्या फिरून येते. कालच्या रक्ताच्या नमुन्यांवर मी दोन लेबलं उलटी चिकटवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरांनी मला बसायला सांगितलं.

दादांचा मोबाइल माझ्याकडे आहे. त्यात इतके जुने कॉल राहत नाहीत. मी पाहिलं.

तुम्हाला ते दिवस आठवतात का? करार चौदा महिने लांबला होता. कँटीनवर बहिष्कार होता. गेटवर कुणीतरी ओरडलं होतं, "आहेराला भाऊ परमनंट करायचाय, म्हणून अडलंय सगळं." मग एका मीटिंगला कमिटीच्या अंगावर बांगड्यांचा खोका फेकला, करार जमत नसेल तर या भरा म्हणून. दादांच्या कपाळाला काच लागली होती. दाढी करताना कापलं असं ते तुम्हाला म्हणाले, कपाळाला, आणि तुम्हाला हसू आलं. त्याच आठवड्यात स्कूटरचा आरसा फुटला.

आणि १३ तारखेला दुपारी मी लॅबमधून आले तर आपल्या फाटकाला हिरव्या बांगड्या टांगलेल्या होत्या. चिठ्ठी होती. भावाचं नाव काढ, नाहीतर पुढच्या वेळी बांगड्या नसतील. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. दादा कशाच्या दडपणाखाली होते ते तुम्हाला कळावं म्हणून आता लिहिते. त्यांनी तुमचं नाव काढलं ते तुमच्यावर माया नव्हती म्हणून नव्हे.

एवढं कळल्यावर तरी फॉर्म पाठवा. ते रेकॉर्डिंग बाहेर आलं की लोक फोन कुणाचा ते शोधत बसतील. त्यातून कुणाचं भलं होणार नाही.

वहिनी


सिडको
२३ नोव्हेंबर २०२५

हर्षलभाऊ,

तुमचा फॉर्म तुम्ही सरळ निकिताला पाठवलात. तिनं मला फोनवर वाचून दाखवला. परवानगी आहे. खाली तुमच्या अक्षरात लिहिलं आहे, "मला आधी ऐकायचं नाही. सगळ्यांबरोबर ऐकायचं आहे. १४ ला येतो."

मला दोन ओळीही लिहिल्या नाहीत. लिहायला हव्या होत्या असं म्हणत नाही.

आता फक्त माझी सही राहिली आहे. निकिता म्हणाली, "ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी तो भाग काढून टाकीन. पण एकदा ऐका आणि मग सांगा." आज सुट्टी होती, तिच्या खोलीवर जाऊन आले.

एका खोलीत दोन कॉम्प्युटर आणि सगळीकडे वायरी. तिनं मला हेडफोन दिले आणि स्वतः चहा ठेवायला गेली. मला एकटीला ऐकू द्यावं म्हणून गेली असावी, कारण चहा यायला अर्धा तास लागला.

आधी नुसता श्वास ऐकू येतो. मला वाटलं होतं की आवाज ऐकून मला रडू येईल, पण श्वासानंच आलं. दादांच्या नाकातून शेवटी शेवटी बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, तो त्यात आहे. खिशातल्या किल्ल्या वाजतात. साहेब टक्क्यांबद्दल बोलतात, दादा मध्येच पेन टेबलावर आपटतात. मग खुर्च्या सरकतात, चहाची सुट्टी होते. क्रेटमधून मोबाइल उचलल्याचा आवाज येतो. मग ते जिन्याकडे गेले असावेत, कारण आवाज घुमतो.

फोनवरचं फक्त त्यांच्याच बाजूचं ऐकू येतं. ऐकलं तसं लिहिते.

"हां, बोल. ... कधी? ... काय लिहिलंय? ... परत वाच. ... ती फाडू नको, ठेव. ... अगदीच तसं म्हणतोस का. ..."

नाही, हे शेवटचं मी चुकीचं लिहिलं. आवाज तिथं नीट येत नाही. निकितानं फिल्मखाली ते वाक्य तसं टाकलं आहे. दादा त्या वेळी 'म्हणतेस' म्हणाले की 'म्हणतोस', ते घरघरीत कळत नाही. पुढचं स्वच्छ आहे.

"बरं. ... बरं म्हटलं ना. काढतो."

मग क्रेटमध्ये मोबाइल टाकल्याचा आवाज. पाण्याचा ग्लास.  मग आत.

"साहेब, यादीतला सतरा नंबर काढा."

"आहेर, तो तुमचा सख्खा भाऊ ना?"

"म्हणून तर."

"सिनिऑरिटीत बसतोय तो. आम्ही काही हरकत घेतलेली नाही."

"पुढचा वर घ्या."

"कुणी सांगितलं का तुम्हाला?"

"मला कोण सांगणार? माझं मी ठरवलं."

 नंतर दार उघडतं आणि चिमाजीभाऊंचा आवाज येतो, "काय रे, कुणी गेलं का काय? सगळे गप?" 

तुम्हाला हे आधी ऐकायचं नव्हतं आणि मी लिहून टाकलं. पण मला वाटलं, तुम्ही हॉलमध्ये माणसांच्या मध्ये बसून पहिल्यांदा "म्हणून तर" ऐकू नये.

निकिता चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "ताई, फोनवर कोण असेल? मला वाटतं त्यांना धमकावणाराच कुणीतरी. त्यांच्या ओळखीचा, रोजचा माणूस. 'फाडू नको' म्हणजे काय फाडू नको?" फिल्ममध्ये या जागी तिनं काळा पडदा ठेवला आहे आणि त्यावर अक्षरं येतात. 'तो फोन कुणाचा होता, हे शेवटपर्यंत कळलं नाही.'

मी म्हटलं, सही करून नंतर आणून देते. चहा तसाच राहिला.

घरी आले तर फाटकाला कापडी पिशवी टांगलेली होती. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. मग पिशवीवरचं दुकानाचं नाव ओळखलं. भारत दर महिन्याला पेठहून नागलीचं पीठ आणून ठेवतो. "दादांनी मला परमनंट केलं, वहिनी, नाहीतर मी अजून ठेकेदाराकडंच राहिलो असतो," असं दर वेळी म्हणतो. फळीवर त्या पिठाचे सहा डबे भरलेले आहेत. मी त्यातली एकही भाकरी केलेली नाही.

वहिनी


सिडको
६ डिसेंबर २०२५

हर्षलभाऊ,

हे स्पीड पोस्टनं पाठवते, म्हणजे तुम्ही निघायच्या आधी मिळेल.

फोन माझा होता.

आता क्रमानं लिहिते. १३ तारखेला मी तीनला घरी आले. फाटकाच्या कडीत वर्तमानपत्रात बांधलेलं पाकीट अडकवलं होतं. कागद एका बाजूनं फाटला होता आणि आतून हिरव्या बांगड्या दिसत होत्या. गेटवर फेकलेल्या खोक्यातल्याही हिरव्याच होत्या.  मी ते पाकीट न उघडता आत नेलं, दार लावलं, माळ्यावर गव्हाच्या डब्यामागे सारलं आणि दादांना फोन लावत राहिले. मोबाइल क्रेटमध्ये होता. अकरा वेळा लावला. चारला त्यांनी उचलला.

चिठ्ठी नव्हती.

हे वाक्य मी तीन महिने लिहायचं टाळते आहे. मागच्या एका पत्रात तर ती चिठ्ठी मी तुमच्यासाठी पुन्हा वाचून दाखवली. नुसत्या बांगड्या टांगल्यात असं सांगितलं असतं तर ते हसले असते. आरसा फुटला तेव्हाही हसले होते. मला त्यांनी घाबरायला हवं होतं. म्हणून चिठ्ठी आहे असं म्हटलं आणि ते "काय लिहिलंय" म्हणाले तेव्हा सुचेल ते सांगितलं. भावाचं नाव काढ, नाहीतर पुढच्या वेळी बांगड्या नसतील. ते म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. हातात काही नव्हतं. ते म्हणाले, "अगदीच तसं म्हणतेस का?" मी म्हटलं, काढा हो त्याचं नाव, तो तरुण आहे, त्याला पुढच्या करारात घ्या, मला इथं राहवत नाही.

घरी आल्यावर त्यांनी चिठ्ठी मागितली. मी म्हटलं, भीतीनं जाळली. पुन्हा कधी विचारलं नाही. मात्र त्यानंतर दीड वर्ष, कामावर जाताना ते फाटकाबाहेर थांबून मी आतून कडी लावल्याचा आवाज ऐकायचे आणि मगच स्कूटर चालू करायचे.

"मला कोण सांगणार" असं ते साहेबांना म्हणाले. तुम्ही बॅग भरत होतात तेव्हाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं.

आता त्याहून वाईट भाग.

तेराव्याला शेजारच्या लताबाई माझ्याजवळ बसून रडत होत्या. म्हणाल्या, "उज्वलाताई, तुम्हाला शेवटचं वाण माझ्याच हातचं गेलं हो. तेसुद्धा हातात नाही दिलं. रथसप्तमी तीन दिवसांवर आली, तुमच्या दाराला रोज कुलूप, म्हणून फाटकाला अडकवून गेले. या वर्षी सून बाळंतीण, हळदीकुंकू करायचंच राहिलं. मला काय माहीत तेच शेवटचं होईल." मी विचारलं, वाणात काय होतं? "बांगड्या नव्हत्या का, हिरव्या? डझनभर? तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, कराराच्या गडबडीत असाल."

मी तिथं पाटावर बसले होते. माझे हात मोकळे होते. चार बायका आणखी होत्या. मी फक्त मान हलवली.

म्हणजे कुणी काही टांगलं नव्हतं. कुणी धमकी दिली नव्हती. संक्रांतीचं वाण होतं, त्याला मी घाबरले आणि त्यावर तुमची नोकरी गेली. दादा त्या माणसाला घाबरत गेले, जो नव्हताच.

मंगळवारी पाकीट माळ्यावरून काढून पहिल्यांदा उघडलं. बांगड्यांच्या मध्ये हळदकुंकवाच्या दोन पुड्या होत्या आणि हलव्याची छोटी पिशवी. हलवा पिवळा पडला आहे. त्या दिवशी कागद बोटभर आणखी फाडला असता तर पुड्या दिसल्या असत्या.

मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं, हे मला निकिताच्या खोलीतच समजलं होतं. फिल्ममध्ये काळ्या पडद्यावर कुणीतरी दुष्ट माणूस राहिला असता. सोय होती. पण त्या जागी लोकांनी चिमाजीभाऊंना बसवलं असतं आणि तुम्ही साणंदला परत जाताना तुमच्या मनात दादांचं "म्हणून तर" तेवढं राहिलं असतं.

बुधवारी चिमाजीभाऊंना बोलावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, रंगनाथनं मला त्या संध्याकाळी विचारलं हुतं, रात्रपाळीच्या पोरांना तुझ्या गल्लीतनं एक चक्कर मारायला सांगशील का. मी म्हटलं, का रं, चोर लागले का मागं? हसण्यावारी नेलं." दारातून परत वळले. "हॉलमधी मी तुमच्या शेजारी बसतो. बघू दे कुणाला बघायचं ते."

भारतला सांगणं अवघड गेलं. तो पायरीवरच बसला. म्हणाला, "म्हणजे माझी जागा हर्षलची." मी म्हटलं, तुझा यात काही दोष नाही. "ते खरं, वहिनी. पण हे मला सांगायला नको होतं तुम्ही." मग बराच वेळ बूट काढून पुन्हा घालत बसला. या महिन्यात पीठ आलेलं नाही.

निकिताला काल सांगितलं. तिनं कॅमेरा लावला. बोलाल का, एवढंच विचारलं. माझ्या पदराला तिनं तोच माइक लावला, दादांच्या कॉलरचा. जे इथं लिहिलं ते बोलले, थोडं कमी. काळ्या पडद्यावरची अक्षरं ती काढते आहे, त्या जागी मी येईन. परवानगीवर सही केली. आईंना मी देवळ्याला जाऊन समोर बसून सांगणार आहे, फोनवर नाही.

यादी बदलल्याचं आता रेकॉर्डवर येईल. चिमाजीभाऊ म्हणाले की त्यावर तुमचा अर्ज लागू शकतो, भारतला धक्का न लावता यादी सतराची अठरा करता येते का ते कमिटीत मांडतो. होईलच असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. अर्जाला पुरावा लागला तर माझी सही घ्या.

लोक काय म्हणतील त्याची मला भीती वाटते. दोनशे माणसांत पहिल्या रांगेत बसायचं आहे. त्यांतले काही लॅबमध्ये माझ्याकडे रक्त द्यायला येतात. तुम्ही हॉलच्या कुठल्या कोपऱ्यात असाल ते मी वळून पाहणार नाही. तुम्ही मला माफ करा असंही लिहिणार नाही, कारण मग तुम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागेल.

कार्यक्रम सहाला आहे. अहमदाबादची गाडी सकाळी पोचते. मधला दिवस कुठं घालवायचा ते तुम्ही ठरवा. दादांचं शिफ्टचं जाकीट, बूट आणि तुमचं राहिलेलं ट्रेडचं सर्टिफिकेट पुढच्या खोलीतल्या कॉटवर काढून ठेवलं आहे. मी घरात नसले तरी तुम्हाला ते घेता येईल.

फाटकाची साखळी आज काढली. रविवारी कुलूप नसेल.

उज्वला